कागदाच्या गावाला शाई पोचेना

पोस्ट ऑफिसचं छप्पर लालभडक आलं, खिडक्या फिकट गुलाबी आल्या आणि दार आलंच नाही. मी पान उलटून पाहिलं. मागच्या बाजूलाही दार नव्हतं. खोटं सांगत नाही, मी हबकलो. प्रिंटर कोरा करकरीत होता. इतका, की झाकणावरच्या स्टिकरचा एक कोपरासुद्धा मी अजून कुणाला उचलू दिला नव्हता.

"अहो, दार कुठे गेलं?" बायकोनं खांद्यावरून वाकून विचारलं.

"येईल," मी म्हणालो. दार काही बाजारात गेलेलं नव्हतं, पण त्या घटकेला मला दुसरं उत्तर सुचलं नाही.

पुढचं पान काढलं. दवाखान्याचं छप्पर ठणठणीत, भिंती आजारी, जिना बेपत्ता. त्याच्या पुढचं पान तर मला बघवेना. पूल होता, पण फक्त वरचे कठडे. खाली पूल नाही, नदी नाही, काही नाही. नुसते कठडे हवेत.

हे गाव माझ्या बायकोनं वसवलेलं. जाड कागदावर रंगीत घरं छापायची, कातरीनं कापायची, घड्या घालून चिकटवायची, की टेबलावर पोस्ट, दवाखाना, पूल, बाग असं अख्खं गाव उभं राहतं. वर्षभर ती संगणकापुढे मान मोडून बसली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बालवाडीच्या मोठ्या बाई हे गाव बघायला आमच्या घरी यायच्या होत्या. त्यांना पसंत पडलं की शाळेत बायकोला वर्ग मिळणार होता, वर्गाला खोली मिळणार होती, आणि खोलीत एक टेबल. सध्या तिचं टेबल म्हणजे आमच्या जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा कोपरा. तोही सगळ्यांची जेवणं उरकली की. "एकदा माझं सामान रात्री न आवरता तसंच पसरून ठेवायचंय मला," असं ती म्हणायची. मोठ्या बाई त्यानंतर लांबलचक सुट्टीवर जाणार होत्या, त्यामुळे उद्या नाही तर नाहीच, असा मामला होता.

तुम्ही म्हणाल, मग बाहेरून छापून आणायचं. आम्ही इतकेही वेडे नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं तो जाड कागद वाकवून पाहिला आणि "हा माझ्या मशीनच्या घशात अडकणार" म्हणून परत दिला. म्हणून तर प्रिंटर घेतला. बायको म्हणत होती, दुकानातला माणूस येऊन जोडून देतो, त्याला बोलावू. मी म्हणालो, "त्यात काय आहे?"

हे तीन शब्द मी या जन्मात पुन्हा उच्चारणार नाही.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी वस्तू जपणारा माणूस आहे. आमच्या टीव्हीचा रिमोट ज्या पिशवीत आला त्याच पिशवीत आजतागायत आहे. बटणं पिशवीवरूनच दाबायची. सोफा आणला तेव्हा त्यावर जे प्लॅस्टिक होतं ते अजून आहे, आणि त्यावर बसलं की चर्रर्र असा आवाज होतो ही काही फार मोठी किंमत नाही. आत सोफा बघा कसा आहे! म्हणजे दिसत नाही, पण असेल. लोक वस्तू घरी आणतात आणि आल्या आल्या त्यांचं कातडं सोलतात, हे बघून माझ्या अंगावर काटा येतो. कारखान्यातल्या शहाण्या माणसांनी ते आवरण काय उगीच चिकटवलंय?

प्रिंटरच्या बाबतीतही मी हेच धोरण ठेवलं होतं. त्याच्या एका कुशीला शाईच्या चार टाक्या असतात आणि त्यांच्या माथ्यावरून कंपनीनं एक पातळ, पारदर्शक पट्टी चिकटवलेली होती. दुसऱ्या कुणीही ती ओढून फेकली असती. मी दाढीचं ब्लेड घेतलं आणि शाई ओतायच्या तोंडांपुरती चार गोल भोकं इतकी सुबक कापली, की बाकीची पट्टी जागच्या जागी राहिली. पट्टीच्या टोकाला एक छोटा कान बाहेर आला होता, तो मी दुमडून आत सारला. शाई ओतली, टाक्यांची बुचं घट्ट लावली. बायको म्हणाली, "माहितीपुस्तक तरी वाचा." पण ते पुस्तक मोहोरबंद पाकिटात होतं, आणि चांगलं पाकीट कोण फाडतं?

आमच्या घरात माझ्या या तत्त्वाचा एकच शत्रू आहे. सासूबाई. डोळे तपासून घ्यायला म्हणून त्या आमच्याकडे आल्या होत्या. डोळ्यांचं मला माहीत नाही, पण नखं त्यांची शाबूत आहेत. कुठेही काही चिकटलेलं दिसलं की ती नखं शिवशिवतात. बरणीवरचं लेबल, नव्या शर्टवरची पट्टी, फळावरचा स्टिकर, बोलता बोलता सोलून हातावेगळं. गेल्या खेपेला माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी फ्रिजच्या दारावरची फिल्म वरपासून खालपर्यंत एका दमात ओढली आणि म्हणाल्या, "आता कसा मोकळा वाटतो बिचारा." मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोललो नव्हतो. या वेळी प्रिंटर आणला तेव्हा मी बायकोला बाजूला घेऊन बजावलं होतं, "आईंना त्या खोलीत एकटं सोडायचं नाही."

तर दार नसलेलं पोस्ट हातात घेऊन मी प्रिंटरसमोर उभा. प्रथम बुचं उघडून शाई पाहिली. काठोकाठ. बुचं पुन्हा घट्ट लावली. मग प्रिंटरला स्वतःची सफाई करायची आज्ञा दिली. तो बराच वेळ घशातून आवाज काढत राहिला. मग मी पान छापलं आणि काय सांगू, छप्पर, खिडक्या, दाराचा वरचा अर्धा भाग, सगळं आलं!

"बघ!" मी ओरडलो.

पुढचं पान छपरातच फिकं पडलं.

इथून शेजारी आत आले. शेजाऱ्यांना बोलवावं लागत नाही. घरातून "बघ" असा आवाज आला की ते बघायला येतात. पहिले आले ते वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर काका. जन्मभर पूल बांधून निवृत्त झालेत. आमचा कठडेवाला पूल पाहून त्यांचा चेहरा जो उतरला तो शेवटपर्यंत चढला नाही.

"हवा," काका म्हणाले. "नळीत हवा शिरली आहे. हवा आत गेली की प्रवाह संपला. हवा बाहेर काढा."

"कशी काढायची?"

"तिरका करून हलवायचा. बुचं जरा सैल कर, हवेला वाट हवी."

मी एका बाजूनं धरलं, काकांनी दुसऱ्या बाजूनं. काका "एक, दोन" म्हणाले आणि तीन म्हणायच्या आत त्यांनी उचललं. टाक्यांच्या तोंडातून निळ्या शाईची अशी चिळकांडी उडाली की माझ्या काळजाचा ठोका चुकला. चिळकांडी थेट सोफ्यावर! मी डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा निळं तळं सोफ्याच्या मधोमध साचलेलं होतं. प्लॅस्टिकवर. मी फडकं फिरवलं, तळं नाहीसं.

त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी लपवू शकलो नाही. "बघितलंत?" मी सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणालो. "प्लॅस्टिक होतं म्हणून सोफा वाचला! काढायला सांगणारे सांगतात!"

सासूबाई त्याच सोफ्याच्या टोकाला बसल्या होत्या. त्या नुसत्या जरा सरकल्या, चर्रर्र करून.

हलवून झाल्यावर काकांच्या सांगण्यावरून पान छापलं आणि ते वरच्या टोकापासून जवळजवळ खालपर्यंत सुंदर आलं. काका दाराकडे निघालेसुद्धा. "मूळ कारण शोधावं लागतं," ते म्हणाले. मी मागचं सगळं आवरलं, बुचं पिळून घट्ट केली. पुढच्या पानाची बाग वरून हिरवी आणि खालून वाळवंट. काकांना परत बोलावलं. ते बागेकडे बघतच राहिले. "अशक्य," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. त्या दिवशी ते आमच्याकडेच जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. मी स्वतः विमा कंपनीत दावे तपासतो. कागदपत्रं अपुरी असली की मी कुणाचं ऐकत नाही, त्यामुळे अशा ठिकाणी कसं बोलायचं हे मला चांगलं ठाऊक आहे, असा माझा समज होता.

"तक्रार नोंदवण्यासाठी प्रिंटरमधून चाचणीचं पान छापून त्याचा फोटो पाठवा," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"पान नीट छापलं जात नाही, हीच तक्रार आहे."

"हो सर. पण चाचणीचं पान स्पष्ट असल्याशिवाय तक्रार पुढे जात नाही."

"स्पष्ट असतं तर मी फोन कशाला केला असता?"

"बरोबर आहे सर. पान स्पष्ट आलं की आम्हाला कळवा."

हे वाक्य थोड्याफार फरकानं मी ऑफिसात रोज म्हणतो. ऐकायला ते इतकं भयंकर वाटतं याची मला कल्पना नव्हती.

"आणि सर, खरेदीचं बिलसुद्धा लागेल."

इथे मात्र मी सावरलो. बिलाच्या बाबतीत माझा कुणी हात धरणार नाही. दुकानातल्या छोट्या यंत्रातून येणारी ती गुळगुळीत बिलं कालांतरानं पुसट होतात, असं मी ऐकून होतो. म्हणून प्रिंटर घरी यायच्या आधीच मी ते बिल प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करायला दिलं होतं. लॅमिनेशनवाल्यानं जाड पाकिटात घालून दिलेलं, ते तसंच कपाटात ठेवलेलं. "थांबा, आत्ता क्रमांक वाचून दाखवतो," असं म्हणून मी पाकीट उघडलं.

आत काळाकुट्ट तुकडा. वरून खालपर्यंत काळा. चकचकीत, टिकाऊ, पाण्यानं न भिजणारा आणि एक अक्षर न दिसणारा.

"सर? क्रमांक?"

मी फोन ठेवला आणि तडक लॅमिनेशनवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "तो कागद गरम झाला की काळा पडतो साहेब."

"हे आधी सांगता आलं नाही?"

"तुम्ही म्हणालात, जपून ठेवायचंय. जपायचंय म्हणजे वाचायचं नसेल, असं वाटलं मला."

मी "बरं" म्हणालो आणि घरी आलो. दुसरं काय म्हणणार?

घरी आलो तर समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई पांढरा कोट घालून प्रिंटरवर वाकलेल्या. दवाखान्यात जाता जाता त्या डोकावल्या होत्या. बायकोनं त्यांना सगळं सांगितलं होतं आणि त्यांनी पिशवीतून एक मोठी पिचकारी काढली होती, सुई नसलेली.

"दुखतं वरून, पण बिघाड मुळाशी असतो," बाई म्हणाल्या. "शाई जिथून बाहेर पडते तिथे पिचकारी लावू आणि खालून ओढून घेऊ. आ करा." हे त्या प्रिंटरला म्हणाल्या. सवय.

मी झाकण उघडलं. बाईंनी छोटी नळी जोडून पिचकारीचा दट्ट्या मागे ओढला. थोडी शाई आली. आणि मग त्यांनी हात सोडला तर दट्ट्या आपोआप पुन्हा आत गेला. बाईंनी पुन्हा ओढला. पुन्हा आत.

"अगं बाई!" डॉक्टरीणबाई दचकल्या. "आतून कुणीतरी ओढतंय."

सकाळीच परत येऊन बसलेले काका खुर्चीवरून उठून उभे राहिले. बायकोनं माझा दंड धरला. मी पुरोगामी विचारांचा माणूस आहे, पण तुमच्यापासून काय लपवायचं, मीही प्रिंटरपासून दोन पावलं मागे सरलो.

"पुन्हा ओढा," काका कुजबुजले.

बाईंनी दोन्ही हातांनी दट्ट्या ओढून धरला. आतल्या बाजूनंही तो कुणीतरी तितकाच घट्ट धरला होता. "आत काय आहे ते बघते," असं बायको म्हणाली आणि तिनं काळ्या शाईच्या टाकीचं बूच उघडलं. फस्स! दट्ट्या बाईंच्या हातातून सुटून मागे उडाला, आणि मागोमाग पिचकारीतली सगळी काळी शाई. डॉक्टरीणबाईंचा पांढरा कोट गळ्यापासून खिशापर्यंत काळा. त्यांनी कोटाकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. मग माझ्याकडे. वास्तविक बूच मी उघडलं नव्हतं, पण अशा वेळी लोक घरच्या पुरुषाकडे बघतात.

"एकदा छापून बघा," त्या थंडपणे म्हणाल्या.

छापलं. काळ्या रेघा अख्ख्या पानभर ठसठशीत आल्या. "झालं," बाई म्हणाल्या आणि तशाच काळ्या कोटात दवाखान्यात गेल्या. पहिल्या पेशंटनं तो कोट पाहिला आणि दाढ दुखायची आपोआप थांबली असं सांगून तो निघून गेला, हे आम्हाला नंतर कळलं. त्या गेल्यावर मी बूच लावलं, टाक्या पुसल्या, सगळं टापटीप केलं. पुढचं पान पुन्हा मधूनच पांढरं.

मग मी काय काय केलं ते सांगायची माझी इच्छा नाही. गरम पाण्याचे बोळे ठेवले. केस वाळवायच्या यंत्रानं वारा घातला. प्रिंटर बंद करून त्याला विश्रांती दिली, आम्ही सगळे शेजारच्या खोलीत जाऊन दबक्या आवाजात बोललो. एकदा मी त्याच्या पाठीवर थापही मारली, प्रेमानं. आणि दर वेळी, म्हणजे दर वेळी, बुचं उघडून शाई बघितली की पुढचं पान जरा बरं यायचं, मी बुचं लावून टापटीप केलं की मरगळ. आम्ही चौघं शिकलेली माणसं. एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. काका आपले एकच धरून बसले होते, हवा बाहेर काढा, हवा बाहेर काढा.

मोठ्या बाई यायची वेळ जवळ आली. टेबलावर गाव मांडलेलं होतं. छपरं होती, खाली काही नाही. बायकोनं त्यातलं एक घर हातात घेतलं, त्याच्या कोऱ्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि खाली ठेवलं. ती ओरडली असती तर मला चाललं असतं. ओरडण्याची मला सवय आहे. पण ती शांतपणे म्हणाली, "मी त्यांना फोन करून सांगते, येऊ नका म्हणून."

"अगं, थांब जरा..."

"नको आता. उगाच त्यांना खेटे कशाला? मीही जरा जास्तच मनावर घेतलं होतं. टेबल काय, इथेही आहे की." असं म्हणून ती खरंच कातर, गोंद, कागद गोळा करून डब्यात भरायला लागली. दुपार होती, जेवणाची वेळ नव्हती, कुणी तिला टेबल रिकामं कर म्हटलं नव्हतं. तरी ती आवरत होती.

मला गलबलून आलं. काकांनी चष्मा काढून पुसला. सासूबाई लेकीकडे बघत होत्या, आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सासू कशी बघते हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

एवढ्यात दाराची घंटा वाजली. मोठ्या बाई वेळेआधीच आल्या होत्या.

आम्ही सगळे दाराकडे धावलो. त्या गडबडीत, सासूबाईंना त्या खोलीत एकटं सोडायचं नाही हा आमच्या घरचा कायदा पहिल्यांदाच मोडला. मला ते कळलंसुद्धा नाही. मी दारात उभा राहून, जिना चढायला त्रास झाला का, ऊन फार आहे का, असलं काहीबाही विचारत वेळ काढत होतो. बायकोचा चेहरा पांढराफटक. आमच्या पुलाखालचा कागद होता तसा.

मोठ्या बाई आत आल्या. चर्रर्र करून सोफ्यावर बसल्या आणि दचकून अर्ध्या उठल्या. मग पुन्हा जपून बसल्या. "हं, दाखवा तुमचं गाव," त्या म्हणाल्या.

बायको पुढे झाली. "बाई, खरं सांगायचं तर..."

"आत्ता छापतो!" मी ओरडलो. का ओरडलो ते मला आजही सांगता येणार नाही. मी प्रिंटरपाशी गेलो. सासूबाई तिथेच स्टुलावर हात पुसत बसल्या होत्या. त्यांचं चष्म्याचं घर टक् करून मिटलं. मी बुचं तपासली, चारही घट्ट. देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

पोस्ट ऑफिसचं छप्पर आलं. लालभडक. खिडक्या आल्या. त्याही लाल. मी श्वास रोखून धरला. दार आलं! हिरवं दार, त्याला पिवळी कडी, दारापुढे पायऱ्या, पायऱ्यांशी गवत, गवतात एक मांजर. खाली मांजर आहे हे मला माहीतच नव्हतं, इतक्या खालपर्यंत आम्ही कधी पोचलोच नव्हतो.

"अहो!" बायको किंचाळली.

मागोमाग दवाखाना आला, जिन्यासकट. पूल आला आणि खाली निळीशार नदी आली. काकांनी तो पूल दोन्ही हातांत घेतला आणि उजेडाकडे धरून पाहिला. बायको कापत होती, मी दुमडत होतो, काका चिकटवत होते, आणि मोठ्या बाई सोफ्यावरून उठून कधी आमच्यात येऊन बागेची घडी घालायला लागल्या ते आम्हाला कळलंही नाही. बघता बघता टेबलभर गाव उभं राहिलं. मोठ्या बाईंनी वाकून पोस्टाचं दार बोटानं उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"मी सुट्टीवरून येईपर्यंत थांबू नका," त्या म्हणाल्या. "सोमवारीच या. कोपऱ्यातली मोठी खोली रिकामी आहे. टेबल लांबलचक आहे, चालेल ना?"

बायको हो म्हणाली की नाही ते ऐकू आलं नाही, कारण ती रडत होती. मग तिनं डोळे पुसले आणि भलत्याच अभिमानानं म्हणाली, "हे सगळं ह्यांच्यामुळे. प्रिंटर बंद पडला होता, ह्यांनी दुरुस्त केला. कालपासून जेवणाची शुद्ध नाही त्यांना."

सगळे माझ्याकडे वळले. लग्नाला इतकी वर्षं झाली, बायकोनं चारचौघांत माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मी काय करणार? "त्यात क..." असं माझ्या तोंडून निघणार होतं, ते मी गिळलं आणि म्हणालो, "चिकाटी लागते. यंत्राचं मन ओळखावं लागतं. शेवटी दाबाचा प्रश्न असतो." काका म्हणाले, "हवा काढली म्हणून झालं." मी मोठ्या मनानं त्यांनाही थोडं श्रेय दिलं.

"मग आमच्या शाळेतला प्रिंटर बघाल का?" मोठ्या बाई म्हणाल्या. "तोही असाच अर्ध्यावर थांबतो."

"आनंदानं," मी म्हणालो.

चहा झाला. मोठ्या बाईंना सोडायला बायको आणि काका खाली गेले. मी सोफ्यावर टेकलो आणि समाधानानं पाय पसरले. तेव्हा सासूबाई स्टुलावरून उठल्या, शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी चष्म्याचं घर उघडलं. आतून एक पातळ, पारदर्शक, चुरगळलेली पट्टी काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली.

पट्टीला चार सुबक गोल भोकं होती. ब्लेडनं कापलेली.

मी पट्टीकडे पाहिलं, प्रिंटरकडे पाहिलं. टाक्यांच्या माथ्यावर, बुचांच्या शेजारी, चार बारीक छिद्रं उघडी पडली होती. हवा आत जायची छिद्रं. हवा आत शिरल्याशिवाय टाकीतली शाई खाली येत नाही, आणि ती हवा मी स्वतः, सुबकपणे, अडवून धरली होती. मी आत दुमडलेला तो छोटा कान सासूबाईंनी उलगडला होता. त्यावर एक लाल बाण होता आणि पट्टी ओढणाऱ्या हाताचं चित्र. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि मी तर बसलेला होतो.

"जावईबापू," सासूबाई हळूच म्हणाल्या, "हे तुमचं. जपून ठेवा."

जिन्यात बायकोचा आवाज आला. ती काकांना माझं कौतुक सांगत वर येत होती. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मुठीत पट्टी लपवली. त्यांनी चष्म्याचं घर मिटलं. टक्.

त्यांनी आजवर कुणाला एक शब्द सांगितलेला नाही. हे मी त्यांच्या बाजूनं मान्य करतो. फक्त डोळ्यांची तपासणी लांबली आहे. पहिल्या दिवशी रिमोटची पिशवी गेली. मग मिक्सरवरचा स्टिकर, मग माझ्या बॅगेच्या कडीवरची फिल्म, जी मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सांभाळली होती. सोलताना त्या माझ्याकडे बघतात आणि मी वर्तमानपत्रात बघतो. बायको सोमवारपासून शाळेत जाते, सामान तिथेच पसरून येते आणि आल्यावर शिट्टी वाजवते. शाळेच्या प्रिंटरसाठी मला रोज निरोप येतोय. सासूबाईंना बरोबर नेणार आहे. त्यांना जरा बदल होईल.

काल संध्याकाळी त्यांनी सोफ्याला हात घातला. मी सोफ्यावरच बसलो होतो. पलीकडच्या टोकाला नख लागलं आणि चर्रर्र असा एक लांबलचक आवाज सुरू झाला.

बायको स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच थिजली. "अहो! आई प्लॅस्टिक काढतेय! तुम्ही काहीच म्हणत नाही?"

मी काय म्हणणार? मी पाय वर घेतले.